झ्यूस चालतो, वाघदेव चालत नाही

बरेच दिवस ब्लॉगवर काही लिहिलं नव्हतं. कारण विचाराल तर निव्वळ आळस. पण मागच्या महिन्यात ताईकडे भाच्याचा वाढदिवस झाला आणि तेव्हापासून डोक्यात जी भुणभुण लागली आहे ती लिहून टाकल्याशिवाय थांबेल असं दिसत नाही. नातेवाईक मंडळी इथे येऊन वाचतात हे मला ठाऊक आहे. ज्यांना हे आपल्यावरच लिहिलंय असं वाटेल त्यांनी खुशाल तसं समजावं, दिवाळीत फराळाला मात्र नेहमीसारखं यावं.

तर झालं असं. भाचा आहे बारा वर्षांचा. रिक रिऑर्डनची पर्सी जॅक्सनची पुस्तकं वाचून पार वेडा झालाय. केक कापायच्या आधी ताईने त्याला (आपल्याकडच्या रीतीप्रमाणे) सगळ्यांसमोर उभं केलं आणि त्याने ऑलिंपसचे बारा देव घडाघडा म्हणून दाखवले. मेदुसाच्या डोक्यावर केसांच्या जागी साप कसे वळवळतात, तिचं मुंडकं उडवल्यावर तिच्यातून पंखांचा घोडा पेगॅसस कसा बाहेर येतो, क्रीटच्या भुलभुलैयात बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर कसा दडून बसतो, सगळं हातवारे करून. सगळे खूश. आमचे एक जवळचे नातेवाईक, ज्यांचा मी फार आदर करते, ते म्हणाले, "वा! याला म्हणतात जनरल नॉलेज!"

मीही खूशच होते. खोटं कशाला बोलू, माझंही निम्मं बालपण ह्या मंडळींबरोबर गेलंय. म्हणून त्याच भरात मी भाच्याला म्हटलं, "अरे, तुला बैलाच्या डोक्याचा राक्षस आवडतो ना? चल यंदा हरसूलला, बोहाडा बघायला. रेड्याचं मुंडकं लावलेला महिषासुर तुझ्या अंगावर धावून येईल, पुस्तकातून नाही, खराखुरा."

भाच्याचे डोळे चमकले. आणि तेच नातेवाईक म्हणाले, "कशाला पोराला त्या आदिवासींच्या अंगात येण्यात नेतेस? अंधश्रद्धा सगळी."

सगळे हसले. मी पण हसले बहुतेक. तेव्हा जे बोलले नाही ते आता बोलते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हरसूल हे आमचं मूळ गाव नव्हे. आई-बाबा दोघंही त्या भागात शिक्षक, म्हणून मी चार वर्षांची असल्यापासून दहावीपर्यंत आम्ही तिथे राहिलो. नाशिकहून गिरणारे, मग वाघेऱ्याचा घाट, आणि तो उतरलात की हरसूल. आता त्र्यंबकेश्वर तालुक्यात आहे, पण तो तालुकाच 1999 सालचा. पुढे थोडं गेलं की गुजरात. कोकणा, वारली, महादेव कोळी अशी वस्ती. डोंगरउतारावर नागली आणि वरई, खाचरात भात, पावसाळ्यात कोसळणारं आभाळ आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. हे मी गळा काढून सांगत नाहीये. आम्हा पोरांचं तिथे फार मजेत चाललं होतं.

आणि त्या मजेतली सगळ्यात मोठी मजा म्हणजे बोहाडा. मोखाडा, जव्हार, हरसूल ह्या सगळ्या पट्ट्यात शिमग्यानंतर उन्हाळा चढेपर्यंत ठिकठिकाणी होतो. कुठे त्याला भोवाडा म्हणतात. रात्री जेवणं उरकली की रस्त्याच्या दोन्ही कडेला माणसं बसायची. चटया, घोंगड्या, पेंगणारी पोरं, शेंगावाले. संबळ आणि पिपाणी सुरू झाली की एकेक सोंग यायचं. सोंग म्हणजे मुखवटा चढवलेला देव, नाहीतर राक्षस. आधी गणपती. मग सारजा, म्हणजे सरस्वती, मोरावर बसलेली. मग कुठे मारुती, कुठे त्राटिका, कुठे दहा तोंडांचा रावण, वेताळ, नरसिंह. प्रत्येकाची चाल वेगळी. संबळाचा ठेका ऐकून म्हातारी माणसं अंधारातच सांगायची की आता कोण येतंय. सोंग रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचत जायचं, परत यायचं आणि अंधारात विरून जायचं. असं रात्रभर. आणि शेवटी पहाटेकडे देवी आणि महिषासुराची लढाई.

मुखवटे लाकडाचे, नाहीतर कागदाच्या लगद्याचे. ते घराघरांतून पिढ्यान् पिढ्या सांभाळलेले असतात, आणि ज्या घराचं सोंग त्याच घरचा माणूस नाचणार. आमच्या शाळेत शिपाईकाम करणारे काका, एरवी घंटा द्यायचे आणि आम्हाला दटावायचे, त्या रात्री काय असायचे ते मला शब्दांत सांगता येणार नाही. मी सहा-सात वर्षांची असेन. मुखवट्याच्या खाली मला त्यांचे ओळखीचे पाय दिसले, टाचेला भेगा पडलेले, आणि तरीही मी किंचाळून आईच्या पदराआड गेले. पाय काकांचे होते आणि वर काका नव्हते. हे दोन्ही एकदम खरं असणं, नाटक-सिनेमा पुढे इतका बघितला, पण तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

आता अथेन्सला चला. ख्रिस्तपूर्व पाचवं शतक. वसंत ऋतू. गावचा देव डायोनायसस, त्याचा उत्सव. देवाची मूर्ती मिरवत आणतात, नाटकं होतात. मुखवटे चढवलेले पुरुषच सगळी कामं करतात, बायकांचीसुद्धा. खर्च उचलायचा मान गावातल्या पैसेवाल्यांकडे. ईस्किलस, सोफोक्लीस, युरिपिडीस ह्याच उत्सवासाठी लिहीत होते. ह्याला आपण काय म्हणतो? पाश्चात्य रंगभूमीचा उगम. नाट्यशास्त्राच्या कोर्सला पहिल्या सेमिस्टरमध्ये असतो, परीक्षेला दहा मार्कांना येतो. आणि वाघेऱ्याच्या घाटाखाली तेच चालतं, तेव्हा ते अंगात येणं!

तुम्ही म्हणाल, कुठे सोफोक्लीस आणि कुठे बोहाडा. बरोबर आहे. बोहाड्याला सोफोक्लीस मिळालेला नाही. पण सोफोक्लीसला जो उत्सव आयता मिळाला तो आपल्याकडे अजून चालू आहे, आणि अडीच तासांच्या अंतरावरून तो बघायला जायला आपल्याला लाज वाटते, एवढंच माझं म्हणणं.

वाघबारशीचं तर आणखी मजेदार आहे. अश्विन वद्य द्वादशी. शहरात त्या दिवशी वसुबारस, गाय-वासराची रांगोळी. आमच्या त्या भागात गुराखी पोरं वाघदेवाकडे जमतात. वाघदेव म्हणजे रानाच्या कडेला उभा केलेला दगड, नाहीतर लाकडाची फळी. तिच्यावर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र, कधी नागही. गोळा केलेल्या शिध्याचा नैवेद्य, जमल्यास कोंबडं. मग एक पोरगा वाघ होतो, बाकीचे त्याला हाकलतात. वर्षभर आमच्या गुरांकडे बघू नकोस असा तो करार. आमच्या वर्गातला एक मुलगा तीन वर्षं ओळीने वाघ झाला होता आणि त्या बळावर वर्गात दादागिरी करायचा.

अथेन्सजवळ ब्राउरॉन नावाचं ठिकाण आहे. तिथे आर्टेमिस देवीच्या देवळात लहान मुली अस्वल व्हायच्या. खरंच. कोणीतरी देवीचं अस्वल मारलं, देवी कोपली, म्हणून लग्नाआधी मुलींनी तिच्यासमोर अस्वल व्हायचं असा तो विधी. ह्यावर विद्वानांनी ढीगभर लिहून ठेवलंय. जनावर आणि माणूस, रान आणि घर, बालपण आणि लग्न... मी त्यातलं थोडंफार वाचलंय आणि मला ते आवडलंही. फक्त प्रश्न असा की आमच्या वर्गातल्या वाघावर कोणी लिहिलं? त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'अनियमित हजेरी' एवढंच लिहिलेलं मला आठवतंय.

कोंबड्याचा विषय निघालाच आहे तर तोही उरकते, कारण आमच्याकडे सगळ्यांना खटकतं ते कोंबडं. (आठवड्यातून दोनदा चिकन खाणाऱ्यांनाही.) इलियड सुरू कुठून होतं? अपोलोच्या पुजाऱ्याचा अ‍ॅगमेम्नॉन अपमान करतो, अपोलो चिडतो आणि ग्रीकांच्या छावणीत नऊ दिवस मरी लागते. म्हणजे देवाचा कोप झाला आणि साथ आली. उपाय काय? पुजाऱ्याची मुलगी परत द्यायची आणि बैलांचा मोठा बळी द्यायचा. मांड्यांची हाडं चरबीत गुंडाळून जाळायची, वर दारू ओतायची, देव खूश, उरलेलं सगळ्यांनी मिळून खायचं. होमरने हे चवीने, पायरीपायरीने सांगितलंय. हरसूलच्या एखाद्या पाड्यावर भगताने नेमकं हेच सांगितलं, की देव कोपलाय, म्हणून गावात आजार आहे, कोंबडं द्या, तर आपण काय म्हणू? आणि होमरला काय म्हणतो? अभिजात.

मला जे कळलंय ते एवढंच आहे, आणि कळायला इतकी वर्षं लागली याची लाज वाटते. देव मेला की त्याचं मायथॉलॉजी होतं. जिवंत असेपर्यंत तो अंधश्रद्धा. झ्यूसचं सोपं आहे. त्याच्यापुढे आता कोणी बैल कापत नाही, त्याला नवस बोलणारी बाई आपल्याकडे धुणंभांडी करायला येत नाही, त्याच्या उत्सवासाठी गडी चार दिवस रजा मागत नाही. तो संगमरवरी, स्वच्छ आणि निरुपद्रवी. वाघदेवाला शेंदूर आहे, तेल आहे, रक्त आहे आणि मुख्य म्हणजे भक्त आहेत. ते भक्त गरीब आहेत. आपली खरी अडचण देवाशी नाही, त्या भक्तांशी आहे.

आता हे वाचून काही ब्लॉगमित्र चवताळणार, मला नावंसुद्धा सांगता येतील! म्हणून आधीच सांगते. अंधश्रद्धेविरुद्धचं काम मी फालतू समजत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 2013 साली खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी तो कायदा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. आदिवासी भागात एखाद्या बाईला भुताळी ठरवून मारहाण होते, वाळीत टाकतात, हे मी कोणाच्या पुस्तकात वाचलेलं नाही. लहान असताना अशा एका बाईला गावातून जाताना पाहिलंय, डोक्यावर बोचकं आणि मागे कुत्रं. ज्या कोणी तिला ते नाव दिलं त्याला तुरुंगात टाकलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. सापाचं विष मंत्राने उतरवणाऱ्यालाही.

पण म्हणून कथाच गुन्हेगार कशी? ग्रीकांकडेही हा सगळा कचरा होताच. झेनोफेनीस नावाचा त्यांचाच माणूस ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात होमर आणि हेसिअडवर तुटून पडला होता, की ह्या लोकांनी देवांच्या गळ्यात चोऱ्या आणि व्यभिचार बांधलेत. इतकं बोलूनही कथा राहिल्या. टीका करणाऱ्यालाही त्या तोंडपाठ होत्या म्हणूनच तर टीका जमली. आपल्याकडे उलटं. कथा काय आहे हे ऐकूनच घ्यायचं नाही आणि आधी शिक्का मारून मोकळं व्हायचं. भुताळीच्या नावाने बाईला मारणं आणि कणसरीची कथा गाणं, ह्या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही त्याने स्वतःला विवेकी म्हणवू नये.

दुसरा आक्षेप ताईच्या सासरकडून येणार. "ते सगळे आपलेच देव आहेत की. गणपती, मारुती, देवी. वेगळं काय त्यात?" बोहाड्यात पुराणातले देव आहेत हे खरंच. पण धरतरी, गावतरी, कणसरी, हिरवा, नारनदेव, हिमाय ह्यांतले किती देव आपले? एकाचं तरी नाव घरात कधी ऐकलंय? मिसळ तर सगळीकडेच असते. ग्रीकांचा अडोनिस पूर्वेकडून आला, सिबिली माता आशिया मायनरमधून आली. मिसळ आहे म्हणून वेगळेपणा नाही असं होत नाही. आणि 'आपलेच' म्हणून मिठी मारायची, पण जेवायला बसवायचं नाही, ह्या आपलेपणाचं काय करायचं त्यांनी?

तिसरे आमचे कलाप्रेमी. ह्यांच्या घरात वारली चित्रांचे मग, वारली चित्रांच्या उशा, आणि हॉलमध्ये तारपा नाचाची मोठी फ्रेम. जिव्या सोमा म्हसे ह्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, उत्तम झालं. पण मगावर तारप्याभोवतीचा नाच असतो, पालघट देवी नसते. ती लग्नाच्या चौकात असते, भिंतीवर, सवाशिणी काढतात आणि धवलेरी गाते तेव्हा. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. हो, बाई! ज्यांना स्त्रीपुरोहित ही पुण्यातली सुधारणा वाटते त्यांनी जरा डहाणू-जव्हारकडे बघावं. मगावरून देवी गेली आणि डिझाइन राहिलं. असो. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आणि "बाहेरचं ते चांगलं, असं आपलं होणारच, गोऱ्यांनी शिकवलं ना" असंही कोणी म्हणू नका. ग्रीक मंडळी आपल्याला इंग्रजांच्या आधीपासून माहीत आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खननात ब्राँझचा छोटा पोसायडन सापडला, तो तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. त्याहून जवळचं म्हणजे आपली पांडवलेणी. नाशिककर वर्षातून एकदा तरी पायऱ्या चढतात, फोटो काढतात आणि उतरतात. तिथल्या सतराव्या लेण्यात एक शिलालेख आहे. उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा राहणारा, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, जातीने योनक, म्हणजे यवन, ग्रीक. त्याने हे लेणं आणि पाण्याची टाकी खोदवून दिली. बघा हं, योनक आहे, पण नाव काय? इंद्र आणि अग्नी ह्यांनी दिलेला. दान कोणाला? बौद्ध भिक्खूंना. दोन हजार वर्षांपूर्वी नाशकात आलेल्या योनकाला इथल्या देवांची नावं लावून घ्यायला कमीपणा वाटला नाही. तो आमच्या ताईच्या वाढदिवसाला असता तर मला एक तरी मत मिळालं असतं.

आता मुख्य गोष्ट, जी सांगायला मी इतका वेळ घेतला.

कणसरी म्हणजे धान्याची आई. कणसात राहणारी. कोकणा लोकांत तिची कथा थाळीवर गातात. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणाने उभी चिकटवलेली सरळ काडी, आणि त्या काडीवरून बोटं खाली ओढत राहायचं. थाळी घुमते. घूं असा एकसारखा, न तुटणारा आवाज, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. त्याच्यावर कथा, रात्रभर. आमच्या घरामागच्या वस्तीत एक थाळवाले बाबा होते. आम्ही सगळी पोरं त्यांना बाबाच म्हणायचो. नागली घरात आली की त्यांना बोलावणं यायचं.

1988 च्या हिवाळ्यात आमच्या बाबांनी टेपरेकॉर्डर घेतला. नव्याची नवलाई, जे दिसेल ते टेप करायचं. एका रात्री बाबा मला घेऊन शेजारच्या अंगणात बसले आणि थाळवाल्या बाबांची कणसरी टेप केली. नव्वद मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरल्या, कथा निम्मीच झाली होती. मला त्यातलं आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. कणसरी रुसते. घर सोडून निघते. कणग्या रिकाम्या होतात. कोणीतरी तिला शोधायला जातं. आणि एके ठिकाणी बाबा गाणं थांबवून खोकले आणि म्हणाले की आता ती लांब गेली, चहा आणा. सगळे हसले, तेही टेपवर होतं.

पुढच्या वर्षी मी त्या कॅसेटवर 'तेजाब'ची गाणी भरली. नवी कॅसेट आणायला नाशिकला जायला लागायचं आणि मैत्रिणीची कॅसेट दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती. बाबांनी विचारलं, त्यात काय होतं? मी म्हटलं, काही नाही, ते आपलं थाळीचं. हे शब्द जसेच्या तसे आठवतात. 'काही नाही, ते आपलं थाळीचं.'

म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी नातेवाईकांनी जे म्हटलं ते मी त्यांच्या कितीतरी आधी म्हणून बसले होते. आणि ज्या वर्षी मी हे केलं त्याच वर्षी मी शाळेच्या वाचनालयातलं ग्रीक पुराणकथांचं पुस्तक तीनदा आणलं होतं. त्यात डिमिटरची गोष्ट होती. तीही धान्याची आई. तिची मुलगी पाताळात नेली म्हणून ती रुसते, निघून जाते, शेतं ओसाड पडतात, देव तिची समजूत काढतात. ती गोष्ट वाचून मी रडले होते. शपथेवर सांगते, मला एकदाही वाटलं नाही की ही मी आधी ऐकली आहे. पुस्तकातली रुसली तेव्हा रडू आलं आणि अंगणातली रुसली तिच्यावर मी 'एक दो तीन' भरलं.

पॉसेनिअस नावाचा एक ग्रीक प्रवासी होता, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. गावोगाव हिंडून त्याने दहा भागांत लिहून ठेवलं, कुठल्या गावात कुठला देव, लोक त्याची काय गोष्ट सांगतात, नैवेद्य काय देतात. मोठ्या देवळांचंच नाही, खेड्यातल्या दगडांचंसुद्धा. आपल्याकडे असं कोणी केलंच नाही असं नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपास पायी फिरून म्हसोबा आणि मेंगाईची ठाणी शोधत होते, त्यांचं 'मिथ अँड रिअॅलिटी' 1962 साली आलं. दुर्गाबाई भागवत, रा. चिं. ढेरे ह्यांनी आयुष्यं घातली. पण ते आपण वाचत नाही, त्यांच्या जयंतीला फॉरवर्ड करतो.

तर हा पॉसेनिअस आर्केडियातल्या फिगालिया नावाच्या आडगावी गेला, तिथल्या काळ्या डिमिटरसाठी. ही आपली कॅलेंडरवरची सुंदर डिमिटर नव्हे. गुहेतली देवी, काळी वस्त्रं, डोकं घोडीचं, त्यातून साप निघालेले. तिला बळी चालत नाही. द्राक्षं, मधाची पोळी, न कातलेली लोकर. पूर्वी एकदा तिची लाकडी मूर्ती जळाली, लोकांनी नवी केली नाही, नैवेद्य चुकले, आणि दुष्काळ पडला. मग देवाला कौल लावला, नवी मूर्ती घडवली, असं गावचे लोक सांगत. हा तिथे पोचला तेव्हा ती नवी मूर्तीही नव्हती. आणि गावातल्या बहुतेकांना ती कधी होती हेच माहीत नव्हतं. एका सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने सांगितलं की तीन पिढ्यांपूर्वी छतावरून दगड पडले आणि ती चुरडली. पॉसेनिअसने गावच्या रीतीप्रमाणे द्राक्षं आणि मध वाहिला आणि हे सगळं लिहून ठेवलं. म्हणून ती आज आहे.

फिगालियाला तीन पिढ्या लागल्या. मला एक रात्र लागली, आणि छतावरून दगडसुद्धा पडला नाही.

वाढदिवसानंतरच्या रविवारी मी हरसूलला गेले. घाटातला रस्ता पूर्वीपेक्षा बरा आहे. थाळवाले बाबा जाऊन बरीच वर्षं झाली हे ठाऊक होतं. त्यांचा मुलगा भेटला. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडे मजुरीला जातो, एरवी घरी. त्याने मला ओळखलं नाही, आईचं नाव सांगितल्यावर ओळखलं आणि मग बस म्हणाला. थाळी आहे का विचारलं तर आतून घेऊन आला. मधोमध मेणाचा काळा डाग अजून आहे. तो स्वतः गात नाही. त्याला कथा येते, पण सगळी नाही, आणि गळा नाही म्हणाला.

पलीकडच्या पाड्यावर एकजण आहे, त्याला सगळी येते. मोटरसायकलवर मागे बसून तिथेही गेले. तो खळं सारवत होता. मी सांगितलं, फोनवर रेकॉर्ड करीन, पैसे देईन, पूर्ण कथा हवी आहे, किती रात्री लागल्या तरी चालेल. त्याने हात न थांबवता ऐकून घेतलं. मग विचारलं, "घरात नागली आहे का तुझ्या?"

मी म्हटलं, विकत आणते कधीकधी, पीठ.

"मग कोणासाठी गायची? नुसती फोनात भरायला नाही गायची ती. धान आलं पाहिजे, मांडलं पाहिजे, माणसं बसली पाहिजेत. तू मांड, मी येतो. पैशाचं बघू."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला वाचवायला निघाले होते, मायथॉलॉजीच्या कपाटात नीट घडी घालून ठेवायला. आणि हा माणूस मला सांगत होता की ती अजून काही मेलेली नाही, घाई करू नकोस.

तर मंडळी, असं ठरलंय. थाळवाल्या बाबांच्या मुलाच्या शेतातली नागली कापून, मळून घरात आली की त्याच्याच अंगणात मांडायचं. दिवस तो कळवेल. रात्रभर बसावं लागेल, थंडी असते, घोंगडी आपापली आणावी. भाचा येणार आहे, ताई हो-नाही करत होती पण तयार झाली. नैवेद्य होईल तो सगळ्यांबरोबर खाली बसून खायचा आहे. जनरल नॉलेजवाल्या आमच्या नातेवाइकांनाही आग्रहाचं बोलावणं आहे, गाडीत एक जागा ठेवली आहे. फोन न्यायचा की नाही हे मी अजून त्या गाणाऱ्याला विचारलेलं नाही.